हवेपाण्यापुरतं

९ मे

भिंगरीस,

आशीर्वाद हवामानात मोडतात की नाही ते आधी कळव, म्हणजे लिहायचे की गिळायचे ते ठरवीन.

तुझी चिठ्ठी पोचली. मी इस्त्री हातात धरूनच वाचली आणि एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टाची बाही जाळून बसले. "हवेपाण्याखेरीज एक अक्षर लिहिलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन. खालच्या पत्त्यावर माझी मैत्रीण राहते. तिच्याकडे पाठव, ती मला देईल." अगं, लढाई चाललेली दोन राष्ट्रंसुद्धा एकमेकांशी याहून जास्त बोलतात! आईला कुणी अशी अट घालतं का? मी शेजारच्या घड्याळवाल्याला विचारलं, तुझं नाव न घेता. तो म्हणाला, अशी सून असेल, मुलगी नसेल.

ठीक आहे. अट तर अट. पण अट लागू व्हायच्या आधीचं एकदाच बोलून घेते, मग तोंडाला कुलूप. तू न सांगता लग्न केलंस. आम्हाला ते एका गिऱ्हाइकाकडून कळलं, पडदे न्यायला आलेल्या बाईकडून. ती "अभिनंदन" म्हणाली आणि मी "कशाबद्दल?" असं विचारलं. या वयात इतकी फजिती माझी कधी झाली नव्हती. तुझ्या बाबांनी तिचे पडदे मुकाट बांधून दिले आणि मागच्या खोलीत जाऊन तुझ्या सगळ्या कपड्यांच्या कॉलरीतले पिवळे दोरे ब्लेडनं उसवले. आपल्या लॉन्ड्रीत प्रत्येक घराला एकेक रंगाचा टाका, आणि पिवळा फक्त आपल्या घराचा. तो त्यांनी काढला आणि तू दारात उभी राहून पाहत होतीस. तू म्हणालीस, त्याला बर्फाच्या गावात नोकरी लागली आहे, आम्ही जातोय. ते म्हणाले, "जा. चार महिन्यांत नाक मुठीत धरून परत येशील." तू म्हणालीस, "मेले तरी येणार नाही." मी दोघांच्या मधोमध उभी होते आणि मला कुणी काही विचारलंच नाही. जावयाचं तोंडसुद्धा मी अजून पाहिलेलं नाही.

झालं. आता हवा.

हवा मे महिन्याची, म्हणजे न पिळलेल्या टॉवेलासारखी. पाऊस नाही, ऊनही धड नाही, पण हात लावाल ते ओलं. रोज दुपारी आभाळ भरून येतं, गडगडतं आणि काही न करता निघून जातं. सकाळी लवकर दोरीवर टाकलेले कपडे वाळतात, उशिरा टाकलेले नुसते कोमट होतात. घाम इतका, की इस्त्री करणाऱ्यानंच आधी कपडे ओले करायचे आणि मग वाळवायचे.

तुझी आई
(सही हवामान नाही, पण पत्राला लागते.)


२ जुलै

भिंगरीस,

तुझं हवेपाण्याचं पत्र मिळालं. वाचून मी मटकन खुर्चीत बसले. "इथे थंडी आहे. डोंगरावर बर्फ आहे. बर्फ पांढरा असतो."

बर्फ पांढरा असतो! एवढं कळायला सातासमुद्रापलीकडे जावं लागलं होय? शाळेच्या निबंधात तुला याहून जास्त सुचायचं. आणि लॉन्ड्रीवाल्यांची मुलगी ना तू? मग तिथे कपडे वाळतात कसे, दोरीवर कडक होतात की मऊ राहतात, घरात घालतात की बाहेर, यावर एक ओळ नाही? मला तर तेवढंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या पत्रात लिही.

इथली हवा: धो धो. आभाळाला भोक पडलंय. गच्चीवरच्या दोऱ्या सोडून जिन्यात बांधल्यात, त्यामुळे वरच्या मजल्यावरची माणसं चादरींतून वाट काढत खाली येतात. काल तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर एका ओल्या पायजम्याला धडकून "माफ करा" म्हणाले.

आणखी एक ढग आहे, तो दुकानाच्या आतच असतो. तुझ्या ओळखीचा आहे, तुझ्या जन्माच्या आधीपासून गडगडतोय. ढगाबद्दल लिहिलेलं चालतं ना? चालायलाच हवं. तर हा ढग हल्ली दिवसभर गडगडतो आणि पोस्टमन दिसला की एकदम गप्प होतो. मी तुझं पत्र वाचते तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसतो आणि भिंतीला विचारतो, "कुणाचं आहे?" मी म्हणते, "हवामान खात्याचं." मग तो विचारतो, "काय म्हणतंय खातं?" मी म्हटलं, "बर्फ पांढरा असतो म्हणतंय."

या पावसानं एक नवीन गिऱ्हाईक आणून दिलं. लिफ्ट दुरुस्त करणारा पोरगा आहे. आला तो नखशिखांत भिजलेला, आणि अंगातला रेनकोट काढून कपड्यांच्या गठ्ठ्याला गुंडाळलेला! गठ्ठा कोरडाठाक, माणूस ओलाचिंब. मी म्हटलं, "अरे, रेनकोट माणसासाठी असतो." तर म्हणतो, "काकू, ओले कपडे दिले तर तुमचं काम वाढेल." लॉन्ड्रीत! ओल्या कपड्यांची काळजी! मी त्याचं नावच वॉटरप्रूफ ठेवलं.

त्याच्या शर्टांना टाका घालायला मी दोऱ्यांचा डबा उघडला, तर डोकावून म्हणाला, "पिवळा नाही का?" मी म्हटलं, पिवळा गिऱ्हाइकांना देत नाही. "मग कुणाला देता?" म्हटलं, ज्याला द्यायचा त्याला देते, तू कोण विचारणार? जांभळा घातला. तोंड पाडून गेला, जसा काही मी त्याचा हक्क मारला.

तुझी आई


१९ ऑगस्ट

भिंगरीस,

उकाडा. याहून जास्त लिहायचं त्राण नाही. बॉयलरच्या खोलीतून रस्त्यावर आलं तरी हवा तीच. पंखा फिरतो तो गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेण्यासाठी. समोरचा न्हावी दुपारी दुकानाचं दार बंद करून आत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतो आणि गिऱ्हाईक आलं की आतूनच "उद्या" म्हणतो.

तुझ्या पत्रात आहे: "इथे सुखद आहे." बस्स? सुखद म्हणजे काय गं? कपड्यांचं अजून लिहिलं नाहीस.

काल तुझं कपाट उघडलं. झुरळं बघायला, दुसरं काही नाही. खाली तुझे काळे बूट होते. त्यांच्यावर पांढरीशुभ्र मखमल उगवली होती! मी किंचाळलेच. मला वाटलं काहीतरी जिवंत प्राणी बसलाय. बुरशी गं. या हवेत माणूस वापरात नसला की त्याच्या वस्तूंवर ती चढतेच. माझी किंचाळी ऐकून ढग आत आला, बूट माझ्या हातातून घेतले, बाहेरच्या पायरीवर बसून पुसले, त्यांना पॉलिश केलं, उन्हात ठेवले आणि संध्याकाळी परत कपाटात लावून ठेवले. दोरे उसवणारा हात तोच आणि पॉलिश करणाराही तोच. मी बघतच राहिले.

बुरशी हवेमुळेच येते, तेव्हा हे सगळं हवामानात धर.

तुझी आई


८ सप्टेंबर

भिंगरीस,

वादळ आलं होतं, गेलं. गच्चीवरची पत्र्याची शेड उडाली, ती कुठे पडली ते अजून सापडलं नाही. दुकानात कमरेएवढं पाणी होतं. यंत्रं बंद आहेत. घड्याळवाल्याचं दुकान तर धुऊनच निघालं. बाकी सगळं ठीक.

अक्षर वाकडं आलंय ते गारव्यामुळे.

आई


३० सप्टेंबर

भिंगरीस,

मागच्या पत्रात एक हवामान लिहायचं राहिलं. राहिलं नाही, मी लिहिलं नाही. तू एवढी लांब, तिथे बर्फात बसून तू करणार काय, म्हणून गिळलं. पण गिळलेलं आता घशाशी येतंय.

पहाटे वादळाचा जोर वाढला तेव्हा आपला ढग गच्चीवर दोऱ्या सोडायला गेला. मी ओरडले, जाऊ नका, चादरी गेल्या तर जाऊ देत. माझं कधी ऐकलंय? उजाडायला लागलं तरी खाली येईना म्हणून मी वर गेले. जिन्यात बसला होता, ओल्या चादरींचा बोळा पोटाशी धरून. मी हाक मारली. तोंड उघडलं, पण आवाज नाही. उजवा हात, उजवा पाय, सगळं लोंबत होतं. अर्धांगाचा झटका. भिंगरे, एवढा गडगडणारा माणूस, आणि तोंडातून नुसती हवा! मला काही सुचेना. मी वेड्यासारखी त्याच्या हातातल्या चादरीच सोडवत बसले, त्या घडी घालून ठेवल्या आणि मग ओरडले.

अँब्युलन्स कोपऱ्यापर्यंतच आली, पुढे पाणी. आणि त्या पाण्यातून कुठून कोण जाणे तो वॉटरप्रूफ चालत आला. "काकू, दुकान ठीक आहे ना बघायला आलो." वादळाच्या सकाळी कुठलं गिऱ्हाईक लॉन्ड्रीची खबर घ्यायला येतं? पण तेव्हा विचारायला डोकं ठिकाणावर कुणाचं होतं! त्यानं ढगाला पाठुंगळी घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून कोपऱ्यापर्यंत नेलं. वाटेत त्यांच्याशी बोलत होता, "बाबा, घट्ट धरा, बाबा, झालंच आता." सगळ्यांनाच बाबा म्हणत असेल.

जीव वाचला. आता घरी आणलंय. वाचा परत येईल न येईल, डॉक्टर सांगत नाहीत. एवढंच म्हणाले, "जपा. मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. दुसरा झटका यांना झेपणार नाही."

आता मी काय करू ते सांग. तुला ये लिहावं, तर तुला अचानक दारात बघून यांचं काय होईल? आणि येऊ नको लिहावं, तर तुमच्या दोघांतलं शेवटचं बोलणं ते चार महिन्यांचं आणि नाक मुठीत धरायचंच राहील. तो शब्द मागे घ्यायचा तर तोंडात शब्द हवा ना!

हे हवामान नाही, मला कळतं. पाठव परत, पाठवायचं तर.

आई


२८ ऑक्टोबर

भिंगरीस,

पत्र परत आलं नाही. उत्तरात तुझी एकच ओळ होती: "इथे सारखा पाऊस पडतोय, थांबत नाही." बर्फाच्या गावात पाऊस! पण मी हसले नाही. मला तो पाऊस कळला.

इथे हवा बदलली. उत्तरेकडून कोरडा वारा सुटलाय आणि आभाळ इतकं निळं की खोटं वाटावं. सकाळी टाकलेली चादर चहा होईस्तोवर वाळते. शहरातली सगळी माणसं एकदम चांगली वागायला लागली आहेत. न्हाव्यानं दार उघडलं. मास्तर गच्चीवर येऊन कविता म्हणतात, त्यांना कुणी थांबवत नाही. वर्षातले हे दोन महिने मिळतात म्हणून बाकीचे दहा माणूस या गावात काढतो.

तुला थंडीसाठी कोट शिवलाय. कापडाच्या दुकानात मी जाड लोकर मागितली, तर तो माणूस शिडी लावून सगळ्यात वरच्या फळीवर चढला, गठ्ठ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "ताई, हे घालून या गावात कुठे जाणार? भट्टीत?" मी म्हटलं, माझी मुलगी बर्फात राहते. एवढ्या ताठ मानेनं बोलले, की त्यानं खुर्ची दिली. आतून अस्तर, खोल खिसे, शिंपल्याची मोठी बटणं. आणि कॉलरीच्या आत पिवळा टाका. ढगाची पाठ असताना घातला. कुणी उसवलाय म्हणून टाका माझ्या हातातून गेलेला नाही.

मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवलाय. बसतो का ते लिही.

आई


१५ डिसेंबर

भिंगरीस,

"कोट गरम आहे. तो घालून बर्फात फिरते." वाचून बरं वाटलं. पत्र मी मोठ्यानं वाचलं. ढग आता खुर्चीत बसतो, पाठ करून नाही, माझ्याकडे तोंड करून. "कोट" शब्दाला त्यानं मान वर केली. डोळे विचारत होते. मी म्हटलं, "हवामान खात्याला कोट पाठवला." पुढे बोलायची हिंमत झाली नाही. डॉक्टरांचं वाक्य कानात बसलंय ना.

हवा छान. अंगात एक स्वेटर चालतो, दुपारी तोही काढावा लागतो. लग्नकार्यांचे दिवस, हॉटेलांच्या चादरी, डोंगर जमतोय. पण मोठ्या चादरींच्या घड्यांनी मला रडकुंडीला आणलंय. घडी घालायला घेतली की ढग खुर्चीतून डावा हात पुढे करतो. नको म्हटलं तर रागावतो, मग द्यावंच लागतं. माझ्या हातात दोन टोकं, त्याच्या हातात एक. चौथं टोक जमिनीला लागतं आणि चादर परत धुवायला जाते. रोज. धुतलेली चादर त्याच्यापायी पुन्हा धुते आणि त्याला सांगते की छान जमलं.

परवा वॉटरप्रूफ आला होता. (आठवड्याला एवढे शर्ट हा पोरगा मळवतो कसे?) त्यानं पडणारं चौथं टोक वरच्या वर झेललं. आणि ऐक. त्यानं चादरीला दोन झटके दिले, एक पाऊल पुढे आला, टोकं माझ्या हातात दिली, खाली वाकून मधली घडी उचलली आणि उचलताना स्वतःभोवती एक गिरकी घेतली! भिंगरे, ती गिरकी तुझी आहे. फ्रॉक घालायचीस तेव्हा काढलीस, तिच्यावरून तर तुझं नाव पडलं. जगात दुसरं कुणी चादर अशी घडी घालत नाही. माझ्या हातातून चादर सुटायचीच राहिली. "कुठे शिकलास?" "घरी." "आईनं शिकवलं?" "नाही. घरी." आणि गडबडीनं निघून गेला, शर्ट काउंटरवर विसरून.

म्हटलं, असेल दुसऱ्याही कुणाच्या घरात एखादी भिंगरी. पण दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आई


६ मार्च

भिंगरीस,

या महिन्याची हवा तुला आठवते का? समुद्रावरून धुकं येतं आणि घरात मुक्काम करतं. भिंतींना घाम सुटलाय. आरशात तोंड दिसत नाही, फरशीवरून काल मास्तर घसरले. आगपेटी पेटत नाही, मीठ वाटीत चिकटून बसलंय, पाकिटं आपोआप बंद होतात. तीन दिवस दोरीवर असलेला शर्ट चौथ्या दिवशी जास्त ओला लागतो. सगळ्या गावाचे कपडे कोंदट वास मारतायत आणि सगळं गाव माझ्याकडे बघतंय, जसं काही धुकं मी सोडलंय.

तुझा कोट तरी या हवेतून सुटला. बर्फात बुरशी येत नसणार. एवढं एक समाधान.

आई


१४ मार्च

भिंगरे,

आज आशीर्वाद नाहीत. मागूही नकोस.

माझा हात कापतोय आणि या वेळी गारव्यानं नाही, संतापानं. की आनंदानं. मला कळेना झालंय. तू वाच आणि तूच ठरव.

आज सकाळी वॉटरप्रूफ आला. धुक्यात भिजलेला, आणि रेनकोट गठ्ठ्याभोवती. म्हणाला, "काकू, यावरची बुरशी जाईल का? रोज पुसलं तरी परत येते." मी रेनकोट सोडला. जाड लोकरीचा कोट, बाह्यांवर पांढरी बुरशी. शिंपल्याची मोठी बटणं.

मला आधी काय वाटलं ते सांगते, म्हणजे तुला कळेल तू काय केलंस. मला वाटलं, तू गेलीस. लॉन्ड्रीत असे कपडे येतात गं. माणूस गेलं की घरचे कपडे धुऊन वाटून टाकतात, ते कुणाच्या तरी अंगावर जातात. असे किती कपडे मी इस्त्री करून दिलेत. मला वाटलं तुझा कोट बर्फाच्या गावातून हातोहात फिरत या पोराकडे पोचलाय. मी काउंटरवरून वाकून त्याची कॉलर धरली आणि ओरडले, "कुठे मिळाला हा? कुठे आहे ती?"

तो घाबरून म्हणाला, "काकू, ती बरी आहे! नदीपलीकडे आहे. मी तिचा... मी तुमचा जावई."

नदीपलीकडे!

अगं, नदीपलीकडे म्हणजे पुलावरून बसनं! आपल्या गच्चीवरून तिथल्या पाण्याच्या टाक्या दिसतात! वर्षभर मी तुला इथला उकाडा कळवतेय, आणि तू त्याच उकाड्यात पंखा लावून माझं पत्र वाचतेयस? जो पाऊस मी एवढा रंगवून लिहिला, तो तुझ्या खिडकीत पडत होता? त्याच वादळात तुझंही दार वाजत होतं? आणि वर मला लिहितेस, बर्फ पांढरा असतो! माझी पत्रं बिचारी बर्फाच्या गावी जाऊन, तुझ्या मैत्रिणीच्या हातून परत याच गावात येत होती. माझा कोट एवढा प्रवास करून आला आणि बुरशीत लटकला. कपडे कसे वाळतात ते तू का लिहिलं नाहीस ते आता कळलं. बर्फात कपडे कसे वाळतात ते तुला माहीतच नव्हतं!

त्यानं सगळं सांगितलं, मान खाली घालून. निघायच्या आदल्या आठवड्यात त्याची तिथली नोकरी गेली. घरी परत यायचं, तर बाबांचे शब्द खरे होणार. तू म्हणालीस, मेले तरी नाही. मग नदीपलीकडची खोली. हवेपाण्याची अट कशासाठी, तर बाकी काही वाचलं तर तू दुसऱ्या दिवशी घरी धावत येशील म्हणून. शर्ट कशासाठी, तर आई कशी दिसते ते त्यानं बघून यावं म्हणून. दर आठवड्याला धुतलेले शर्ट तू पुन्हा चुरगाळून द्यायचीस म्हणे! आणि मी त्याला मळका म्हणत होते.

हॉस्पिटलचंही सांगितलं. तू आली होतीस. काचेच्या दारापर्यंत आलीस, डॉक्टरांचं बोलणं ऐकलंस, धक्का बसायला नको हे ऐकलंस, आणि आपल्याला बघूनच यांचा जीव जाईल म्हणून काचेवरूनच परत गेलीस. मी काचेच्या आत बसले होते, भिंगरे. मान वळवली असती तर. यावर मी रागावू शकत नाही. यावर मी रडले, काउंटरवर, तुझ्या नवऱ्यासमोर, आणि तोही.

या सगळ्यात मी एक विसरले. मागे खुर्चीत हे बसले होते.

मी वळले. यांनी सगळं ऐकलं होतं. कोट यांच्या मांडीवर होता, डाव्या हातानं कधी ओढून घेतला कोण जाणे. कॉलर उलटी करून पिवळ्या टाक्यावर अंगठा फिरवत होते. मी यांचं तोंड बघत उभी राहिले, झटका येतो का, ओठ वाकडे होतात का. मग यांनी टेबलावरचं ब्लेड उचललं. मला वाटलं, उसवतात आता. मी म्हटलं, "नका हो."

कोटाला हात लावला नाही. वॉटरप्रूफला जवळ बोलावलं, मानेनं. तो वाकला. यांनी त्याची कॉलर उलटी केली आणि जांभळा टाका उसवला. डाव्या हातानं, थरथरत, त्याच्या मानेला ब्लेड न लागू देता, किती वेळ. मग दोऱ्यांचा डबा पुढे ओढला, पिवळं रीळ काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

सुईत दोरा मला ओवता येईना. मास्तरांना बोलावून ओवून घेतला. तुझा नवरा विचारतो, "आता आई म्हणू का?" मी म्हटलं, आधी शर्ट काढ, नाहीतर मानेला टाका बसेल.

तर डॉक्टरांचा तो धक्का बसून गेला. मोठा बसला. माणूस शाबूत आहे, आणि दाराकडे तोंड करून बसलाय. मी खुर्ची वळवायला गेले तर माझा हात झटकला. तुला बघून जीव जाईल म्हणत होतीस ना? आता तू न येण्यानं जाईल. उगाच घाबरवत नाहीये, जे दिसतंय ते लिहितेय.

कोट इथेच ठेवून घेतलाय. बुरशी काढते. या गावात तो कधी घालणार नाहीस, पण नीट ठेवायला कोरडं कपाट आपल्याकडेच आहे, तुझ्या बुटांशेजारी. हे पत्र तुझा नवरा घेऊन येतोय. पोस्टावरचा माझा विश्वास उडाला.

आणि आता माझी अट ऐक. यापुढे हवेपाण्याचं एक अक्षर लिहिलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन. धुकं उद्या उठेल की नाही ते मला तू सांगायचं नाहीस आणि मी तुला. आपल्या दोघींच्या डोक्यावर एकच आभाळ आहे.

मोठ्या चादरी बाकी आहेत. दोन टोकं मी धरलीत, तिसरं यांनी डाव्या हातात धरलंय, सोड म्हटलं तरी सोडत नाहीत. चौथं जमिनीला लागलंय.

आई